तळण आणि मुलांचा घरचा अभ्यास: वेळ कशी बसवायची?

घरशाळा_नाशिक
मुलगी ११ वर्षांची, मुलगा ७. दोघंही घरीच शिकतात, मराठीतून. मी चकली, कडबोळी आणि भाजणीच्या ऑर्डर घेते. आठवड्याला साधारण ८ किलो तळण असतं, दिवाळीआधी दुप्पट. अभ्यास सकाळी ९ ते १२. त्याच वेळात कढई चढवली की इकडे घाणा करपतो आणि तिकडे भागाकार अर्धवट राहतो. वेळ कशी वाटावी? मुलांना कामात कितपत घ्यावं? आणि मुलीच्या दहावीचं काय?

सोऱ्या
ताई, आधी कामाचे दोन ढीग करा: मध्येच सोडता येणारं आणि न सोडता येणारं. तळण, भाजणी भाजणं आणि उकड मळणं दुसऱ्या ढिगात. वजन, पॅकिंग, लेबल, हिशेब, निरोपांना उत्तरं हे पहिल्या. अभ्यासाचेही असेच दोन ढीग पडतात. नवा भागाकार शिकवताना तुम्ही शेजारी लागता. तोच भागाकार दहा वेळा सोडवताना हाकेच्या अंतरावर असलात तरी पुरतं. म्हणजे ९ ते १०.३० फक्त शिकवणं, फोनसुद्धा बंद. १०.३० ते १२ मुलांचा सराव आणि तुमचं पॅकिंग, एकाच टेबलावर. तळण पहाटे ५.३० ते ८, मुलं उठून ओट्याशी येण्याआधी. गरम तेल आणि सात वर्षांचं पोर एका खोलीत नकोच, याला अपवाद करू नका.

आता तळणाचा हिशेब. घाण्यात ६ चकल्या आणि घाण्याला ७ मिनिटं धरली तर तासाला ८ घाणे, ४८ चकल्या. एक चकली २० ग्रॅमची धरली तर तासाला जेमतेम किलोभर माल. तुमच्या ८ किलोला एका कढईवर आठ तास, म्हणजे अडीच तासांच्या साधारण तीन सकाळी आणि थोडं वर. दिवाळीत १६ किलो घ्यायचे तर सहा-सात सकाळी जातात. म्हणून १२ चकल्या मावतील अशी पसरट कढई घ्या किंवा ऑर्डरचा आकडा आधीच ठरवून तिथे थांबा. ऑर्डर गुरुवारी रात्री ९ ला बंद, शुक्रवार ते रविवार तळण, सोमवारी पोच, हे गिऱ्हाइकाला एकदा सांगितलं की रोजचे फोन निम्म्याने कमी होतात.

पहाटेच्या घाईत लोक सगळी उकड एकदम मळून ठेवतात. तिथेच बिघडतं. झाकून ठेवली तरी ती हळूहळू कोरडी होते, सोऱ्यातून पडताना चकलीचे तुकडे होतात, मग वरून पाणी लावलं की ती तेल पिते. दोन वाट्या भाजणीची उकड मळा, ती संपत आली की पुढची. तेल तापलं का ते पिठाची छोटी गोळी टाकून बघा: लगेच बुडबुडे येऊन वर आली की आच मध्यम करा. तेल फार कडक असेल तर चकली बाहेरून लाल आणि आतून कच्ची राहते, ती दुसऱ्या दिवशी मऊ पडते. चकली तेलात विरघळायला लागली तर मोहन जास्त झालंय. त्या उकडीत थोडी कोरडी भाजणी मळा. बुडबुडे जवळजवळ थांबले की चकली काढायची.

भाजणी भाजायचं काम रविवारी दुपारी किंवा मुलं झोपल्यावर. प्रत्येक डाळ वेगळी, मंद आचेवर. हरभऱ्याची डाळ एकदा करपली की अख्ख्या दळणाला कडवटपणा येतो. पॅकिंग मात्र चकली पूर्ण गार झाल्यावरच. एक मोडून आतल्या वेढ्याला बोट लावा. कोमट लागली तर पिशवीत वाफ धरणार.

पाटीपेन्सिल
मुलांच्या बाबतीत: त्यांना चूल नको, वजनकाटा द्या. मुलीला तळणाआधी आणि नंतर (तेल गार झाल्यावर, तुम्ही ओतून दिलेलं) तेलाचं वजन करायला लावा. समजा आधी १८०० ग्रॅम होतं, नंतर १३६० उरलं आणि चकली झाली २ किलो. तेल गेलं ४४० ग्रॅम, म्हणजे चकलीच्या वजनाच्या २२ टक्के. शेकडेवारी, किमतीचा हिशेब, वहीतला आलेख, सगळं यातून निघतं. आकडा एका खेपेला २२ वरून २७ वर गेला तर तेल पुरेसं तापलं नव्हतं की मोहन वाढलं, हे तीच शोधेल. गणिताच्या पुस्तकात इतका जिवंत प्रश्न मिळणार नाही!

मुलाला २५० ग्रॅमची चार पाकिटं म्हणजे एक किलो हे हातानेच कळू दे. तारखेचा शिक्का मारणं, डझनाने मोजणं. खोकला-सर्दी असेल त्या दिवशी मुलांनी मालाला हात लावायचा नाही.

एक मर्यादा पाळाच. २०१६ च्या दुरुस्तीनंतर बालकामगार कायदा १४ वर्षांखालच्या मुलाला घरच्या व्यवसायात मदत करू देतो, पण अभ्यासाच्या वेळेबाहेर आणि धोक्याचं काम नसेल तरच. ‘आज पन्नास पाकिटं झाली की मग वाचन’ असं चालणार नाही. वाचन आधी.

पुस्तकांसाठी ई-बालभारतीवरून पीडीएफ फुकट उतरवून घ्या.

घरशाळा_नाशिक
तेलाच्या वजनाचं डोक्यातच आलं नव्हतं, या आठवड्यापासून सुरू करते. दहावीचं कुणी सांगेल का? उन्हाळ्यात पापड-कुरडयाही करते.

वाळवण
मग खरी अडचण इथेच आहे. शाळेत न जाता दहावी देता येते ती एनआयओएसमधून, म्हणजे राष्ट्रीय मुक्त विद्यालयातून. तिच्या मुख्य परीक्षा वर्षातून दोनदा होतात: एप्रिल-मे आणि ऑक्टोबर-नोव्हेंबर. पहिली नेमकी वाळवणात, दुसरी फराळात. परीक्षेच्या वर्षी दोन्हीपैकी एक हंगाम सोडायची तयारी ठेवा. माझं मत, वाळवण सोडा. फराळाचं गिऱ्हाईक एकदा तुटलं की परत जोडणं अवघड.

दहावीला वयाची १४ वर्षं पूर्ण हवीत, म्हणजे तुमच्या हातात तीन वर्षं आहेत. किमान पाच विषय लागतात, पण सगळे एका दमात देण्याची सक्ती नाही. प्रवेश पाच वर्षं टिकतो, तेवढ्यात नऊ संधी मिळतात आणि सुटलेले विषय जमा राहतात. पहिल्या एप्रिल-मेच्या परीक्षेत दोन-तीनच विषय द्या. तोवर एनआयओएसचीच आठवीच्या तोडीची परीक्षा, ‘सी पातळी’, देता येते. लेखी परीक्षेची सवय होते आणि हातात कागद येतो. आत्तापासून महिन्याला एक फाइल ठेवा: काय शिकवलं, तारखेसह वहीची पानं.

सोऱ्या
व्यवसायाच्या कागदांचंही सांगून टाकतो. घरगुती फराळालाही एफएसएसएआयची (केंद्राच्या अन्न सुरक्षा प्राधिकरणाची) नोंदणी लागते. लहान व्यवसायाला लायसन्स नाही, साधी नोंदणी पुरते. ती त्यांच्याच फॉसकॉस पोर्टलवर होते. मिळालेला १४ अंकी नंबर लेबलवर घाला. सोबत घटक (वजनाने जास्त ते आधी), निव्वळ वजन, तयार केल्याची तारीख, किती दिवसांत खावं, किंमत, तुमचा पत्ता आणि हिरवा ठिपका. आणि विक्रीच्या तळणाला घरचं १४.२ किलोचं सिलिंडर चालत नाही, १९ किलोचं व्यावसायिक घ्या. त्याचा खर्च चकलीच्या भावात धरायला विसरू नका.