मदत हवी आहे: सहाराच्या वाळूखालची नदीपात्रे रडार प्रतिमेत खात्रीने कशी ओळखायची?

नमस्कार मंडळी,

मी भूगोल शिकवते. बी.एस्सी.च्या मुलांसाठी दूरसंवेदनाचे एक प्रात्यक्षिक तयार करते आहे आणि त्यात एका ठिकाणी अडले आहे. रडार प्रतिमांवर प्रत्यक्ष काम केलेल्या कुणीतरी कृपया मार्ग दाखवावा.

प्रदेश आहे दक्षिण इजिप्त आणि उत्तर सुदानच्या सीमेवरचा, सलीमाचा सपाट वालुकामय पट्टा. नोव्हेंबर १९८१ मध्ये अमेरिकेच्या कोलंबिया अंतराळयानाच्या दुसऱ्या उड्डाणात 'सर-ए' नावाचे रडार बसवले होते. त्याची तरंगलांबी साधारण २३ सें.मी. होती. लँडसॅट उपग्रहाच्या साध्या चित्रात जिथे नुसती वाळू, तिथे या रडारने फाटे फुटलेली नदीखोरी दाखवली. त्यातली काही तर नाईलच्या खोऱ्याइतकी रुंद भरली. जॉन मॅककॉली आणि सहकाऱ्यांनी हे १९८२ मध्ये 'सायन्स'मध्ये छापले. पुढे त्या जागी जाऊन खड्डे खणले गेले आणि रडार खरोखरच वाळूखालचे पाहत होते हे पटले. मुलांना मला हाच प्रवास दाखवायचा आहे: आधी चित्र, मग शंका, मग पडताळणी.

यामागचे तत्त्व मला समजले आहे. वाळू अगदी कोरडी आणि बारीक असेल तर लांब लाट तिच्यात फारशी शोषली जात नाही. वरचा पृष्ठभाग गुळगुळीत असल्यामुळे तिथून उपग्रहाकडे जवळजवळ काहीच परतत नाही. लाट खाली जाते, खडकावर किंवा गोट्यांवर आदळते आणि तिथून परत येते. म्हणून उथळ वाळूखालचा खडक उजळ दिसतो आणि वाळूने खोलवर भरलेले पात्र काळे.

अडचण इथेच आहे. बीर सफसफच्या परिसराची (साधारण २२.७ उत्तर, २९.३ पूर्व) युरोपच्या सेंटिनेल-१ ची आणि जपानच्या पालसारची, अशा दोन्ही उपग्रह-रडारच्या प्रतिमा मी शेजारी ठेवल्या. पालसारमध्ये काळ्या रेषांचे जाळे स्पष्ट दिसते, सेंटिनेलमध्ये तेच फिके. पण काळे ते सगळे पात्रच असेल असे कसे म्हणायचे? उघड्यावरची सपाट चिकणमातीही काळीच येते, वाऱ्याने साचलेला वाळूचा जाड थरही काळाच. विद्यार्थ्याने विचारले तर नुसते 'दिसतेय ना' म्हणून भागणार नाही.

दुसरे म्हणजे, मुले थरचे वाळवंट आणि सरस्वती हा विषय काढणारच. हीच पद्धत राजस्थानात चालेल का?

आगाऊ धन्यवाद.

प्रतिसाद १

ताई, फरक तरंगलांबीचा आहे. सेंटिनेल-१ चा सी-बँड (रडारलहरींचा आखूड पट्टा) ५.५ सें.मी.चा, तो वाळूत कमी शिरतो. पालसार एल-बँड आहे, म्हणजे सर-एसारखाच साधारण २३ सें.मी.चा लांब पट्टा; सहारासारख्या कोरड्या जागी तो एक-दोन मीटरपर्यंतचे दाखवतो. म्हणून सेंटिनेलची प्रतिमा टाकून देऊ नका, तीच तुमची पहिली कसोटी आहे. एल-बँडमध्ये ठळक, सी-बँडमध्ये फिके आणि सेंटिनेल-२ या दुसऱ्या उपग्रहाच्या साध्या छायाचित्रात काहीच नाही, अशी रेषा वाळूखालची असण्याची शक्यता खूप वाढते. चिकणमाती छायाचित्रातही वेगळ्या रंगाने उठून दिसते, त्यामुळे ती इथेच गळते.

मग आकार पाहा. पूर्व सहारात वारा मुख्यतः उत्तरेकडून वाहतो, त्यामुळे उत्तर-दक्षिण जाणारे समांतर पट्टे वाऱ्याचे समजा. नदीचे जाळे झाडासारखे असते, उपनद्या कोन करून मुख्य पात्राला मिळतात आणि पात्र एका दिशेने रुंदावत जाते. पालसारच्या मोझेकमधले (प्रतिमा जोडून केलेल्या नकाशातले) आकडे डेसिबलमध्ये, म्हणजे परतीच्या लाटेच्या ताकदीच्या मापात, आणायला विसरू नका: आकड्याचा वर्ग, त्याच्या दहा पायाच्या लॉगची दहापट, आणि त्यातून ८३ वजा. त्याशिवाय काळ्या भागातले बारकावे दिसत नाहीत.

थरबद्दल मात्र मुलांना आधीच सावध करा. तिथे कालव्यांचे पाणी आहे, जमिनीत क्षार आहेत, कंकराचे (चुनखडीच्या गाठींचे) थर आहेत, पावसाळाही आहे. ओलावा आणि क्षार वाढले की लाट वरच्या थरातच संपते. अनेकजण जिला सरस्वती मानतात त्या घग्गर-हाक्रा पात्राबद्दलचा २०१७ चा महत्त्वाचा अभ्यास बघा. तिथे पात्रात खोल छिद्रे घेऊन गाळाचे वय काढले, आणि सतलजने तो मार्ग सुमारे ८,००० वर्षांपूर्वी, म्हणजे हडप्पा संस्कृतीची शहरे वसण्याच्या कितीतरी आधी सोडला असे निघाले. नदी कधी वाहत होती हे रडार सांगू शकत नाही, ते गाळच सांगतो.

धागाकर्तीचे उत्तर

मनापासून आभार! तिन्ही प्रतिमा शेजारी ठेवून मुलांनाच प्रत्येक रेषेवर निवाडा करायला लावते. आता एकच विचारते. भारत-अमेरिकेचा रडार उपग्रह निसार ३० जुलै २०२५ ला श्रीहरिकोटाहून गेला, त्यावर एल-बँड आणि एस-बँड (एल आणि सी यांच्या मधल्या लांबीचा) दोन्ही आहेत. जैसलमेरच्या पश्चिमेला, जिथे कालवा पोचलेला नाही, तिथले उन्हाळ्यातले एल-बँड चित्र कुणी उघडून पाहिले आहे का?