वातावरण आडवं येतं, तरीही

'वातावरणामुळे प्रतिमा पसरते, म्हणून गुरुत्वीय भिंगामुळे दुहेरी दिसणारे क्वेसार शोधणं हे अवकाश दुर्बिणींचंच काम' हे म्हणणं मला अर्धंच पटतं. (क्वेसार म्हणजे दूरच्या दीर्घिकेचं अतितेजस्वी केंद्र; वाटेतल्या दुसऱ्या दीर्घिकेचं गुरुत्व भिंगासारखं त्याचा प्रकाश वाकवतं, आणि एकाच क्वेसारच्या दोन प्रतिमा दिसतात.) असा पहिला क्वेसार, क्यू ०९५७+५६१, १९७९ साली वॉल्श, कार्सवेल आणि वेमन यांना सापडला तो अमेरिकेतल्या किट पीक वेधशाळेच्या २.१ मीटर दुर्बिणीतून. हबल अवकाश दुर्बीण तेव्हा उडालीही नव्हती! अर्थात तिथे दोन प्रतिमांत सुमारे ६ आर्कसेकंदांचं (आर्कसेकंद म्हणजे अंशाचा ३६००वा भाग) ऐसपैस अंतर आहे. बहुतेक जोड्या एक-दोन आर्कसेकंदांच्या असतात, आणि चांगल्या जागीही वातावरण ताऱ्याचा ठिपका जवळपास तेवढाच पसरवतं.

पण जोडी दिसण्यापेक्षा ती खरी ठरवणं कठीण. क्वेसारशेजारी आपल्याच आकाशगंगेतला तारा योगायोगाने येतो. कधी दोन वेगळे क्वेसारच शेजारी निघतात. म्हणून दोन्ही ठिपक्यांचे वर्णपट, म्हणजे प्रकाशाची रंगवार फोड, घ्यायचे. ताम्रसृती (प्रकाश लाल रंगाकडे किती सरकला ते) जुळली पाहिजे, मधली भिंग-दीर्घिका सापडली तर उत्तमच.

शिवाय क्वेसारची चमक बदलत असते, आणि तोच चढउतार दुसऱ्या प्रतिमेत उशिरा उमटतो, कारण तिचा प्रकाश वेगळ्या वाटेने येतो. क्यू ०९५७+५६१ मध्ये सुमारे ४१७ दिवसांनी! एवढा काळ एकाच वस्तूवर नजर ठेवायला अवकाश दुर्बिणीचा वेळ कोण देणार? इथे जमिनीवरच्या दुर्बिणीच लागतात. रुबिन वेधशाळेची ८.४ मीटर दुर्बीण तर दर काही रात्रींनी तेच आकाश टिपण्यासाठीच बांधली आहे. नव्या चित्रातून जुनं वजा केलं की स्थिर तारे-दीर्घिका गायब होतात, चमक बदलणारे ठिपके उरतात. त्यातला एखादा लांबट किंवा दुभंगलेला दिसला, की आधी त्याचा वर्णपट घ्यायचा.