मंडळासाठी डिसेंट्रालँडमध्ये चार पार्सल घ्यावीत का?

ओंजळ:
आमचं सांस्कृतिक मंडळ सार्वजनिक न्यास म्हणून नोंदलेलं आहे. सभासदांची मुलं बरीचशी परदेशात. कार्यकारिणीतल्या दोघांचं म्हणणं असं, की दिवाळी पहाट डिसेंट्रालँड या इंटरनेटवरच्या त्रिमितीय आभासी जगात करू आणि त्यासाठी तिथली लागून असलेली चार पार्सल, म्हणजे आभासी प्लॉट, विकत घेऊ. जागा कायमची आपली होईल, भावही वाढेल. विकत घेतल्यावर हातात नक्की काय येतं? तेवढ्या जागेत गाण्याचा कार्यक्रम बसतो का? आणि हिशेबात हे दाखवायचं कसं? आभासी जग पाहायचा डोळ्यांवरचा हेडसेट कुणाकडेच नाही.

तिठा:
हातात येतं ते इथेरियम या ब्लॉकचेनवरचं, म्हणजे अनेक संगणकांवर ठेवलेल्या सामायिक नोंदवहीतलं, एक टोकन. नकाशावरच्या अमुक निर्देशांकाचं (आडव्या-उभ्या आकड्यांचं) पार्सल अमुक वॉलेटचं, म्हणजे डिजिटल पाकिटाचं, एवढीच नोंद. तुम्ही उभारलेला मंच, पणत्या, पडदा यांच्या फायली ब्लॉकचेनवर नसतात, त्या डिसेंट्रालँडच्या कंटेंट सर्व्हरवर असतात. उद्या हे सर्व्हर चालवायला कुणी उरलं नाही, तर टोकन वॉलेटमध्ये शाबूत राहील आणि जाण्यासारखं ठिकाण मात्र नसेल. अशीच आभासी ठिकाणं याआधी गेली आहेत: मायक्रोसॉफ्टचं ऑल्टस्पेस मार्च २०२३ मध्ये बंद झालं, मोझिलाचं हब्ज मे २०२४ अखेर. तिथे निदान कुणी प्लॉट घेतले नव्हते.

भाव वाढण्याबद्दल: मूळ नकाशात ३०१ गुणिले ३०१, म्हणजे ९०,६०१ पार्सल आहेत, म्हणून जागा दुर्मिळ, असा विक्रेत्यांचा युक्तिवाद. पण हमरस्त्यावरच्या प्लॉटला भाव येतो तो जाणाऱ्या-येणाऱ्यांमुळे. इथे कुणी चालत येतच नाही, निर्देशांक टाकला की थेट पोचतो. शिवाय २०२२ च्या शेवटी ‘वर्ल्ड्स’ची सोय आली. १०० माना (डिसेंट्रालँडचं क्रिप्टो चलन) भरून नाव नोंदवलं की नकाशाबाहेर स्वतंत्र जागा मिळते, पार्सल लागतच नाही. नोव्हेंबर २०२१ मध्ये फॅशन स्ट्रीट भागातली ११६ पार्सल ६,१८,००० मानाला, तेव्हाच्या सुमारे २४ लाख डॉलरला, विकली गेली होती. वर्षभरात मानाचाच भाव दशांशावर आला. ‘वाढेल’ म्हणणाऱ्यांना हा व्यवहार दाखवा.

खटपट्या:
कार्यक्रमाच्या बाजूने सांगतो. एक पार्सल १६ मीटर गुणिले १६ मीटर. चार चौकोनात घेतली तर ३२ गुणिले ३२. मर्यादा पार्सलमागे असतात: १०,००० त्रिकोण (त्रिमितीय आकार ज्या तुकड्यांनी बनतात ते), २०० वस्तू, १५ एमबी. चारांना मिळून ४०,००० त्रिकोण आणि ६० एमबी. उंची मात्र चौपट होत नाही. एका पार्सलला २० मीटर, चारांना साधारण ४६. फुकट मिळणारं नक्षीदार मंदिराचं मॉडेल एकटंच लाखभर त्रिकोण खाऊ शकतं. ब्लेंडर या त्रिमितीय मॉडेलच्या सॉफ्टवेअरमध्ये डेसिमेट करून त्रिकोण कमी करा आणि नक्षी टेक्स्चरवर, म्हणजे पृष्ठभागावर चिकटवायच्या चित्रात, काढा.

गाणं सीनमधल्या (पार्सलवर उभारलेल्या देखाव्यातल्या) पडद्यावर व्हिडिओ म्हणून जातं. स्ट्रीम एचएलएस (व्हिडिओ तुकड्या-तुकड्यांनी पाठवायची पद्धत) लागते, दुवा एचटीटीपीएस हवा आणि त्या सर्व्हरने सीओआरएसची, म्हणजे दुसऱ्या साइटवरून व्हिडिओ वापरायची, परवानगी दिलेली हवी. तालमीत हटकून फसतं ते इथेच: चाचणीत पडदा चालतो, सीन वर चढवल्यावर काळा दिसतो. एचएलएसला साधारण १० ते ३० सेकंदांचा उशीर असतो आणि तो प्रत्येकाचा वेगळा. त्यामुळे फर्माइशी आणि दाद वेळेत पोचत नाहीत, दोन शहरांतली जुगलबंदी तर विसराच.

गर्दी झाली की सर्व्हर माणसांचे गट पाडतो. नाशिकचे काका आणि न्यू जर्सीची पुतणी एकाच पडद्यासमोर उभे राहूनही एकमेकांना दिसणार नाहीत, असं होऊ शकतं. हेडसेट लागत नाही, हे खरं. पण ग्राफिक्स कार्ड नसलेल्या लॅपटॉपवर अडखळतं.

जमाखर्च:
न्यास आहे म्हणता, तर भाव आणि त्रिकोण नंतर. महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियमाच्या कलम ३५ प्रमाणे न्यासाचा शिलकी पैसा बँक, पोस्ट, सरकारी रोखे अशा ठरलेल्या ठिकाणीच ठेवायचा. बाकीला धर्मादाय आयुक्तांची परवानगी. ‘भाव वाढेल’ हे इतिवृत्तात लिहिलंत की ती गुंतवणूक झाली, आणि लेखापरीक्षक तिथेच बोट ठेवेल. कार्यक्रमाचा खर्च म्हणून भाडं दाखवणं वेगळं.

आयकरात हे टोकन आणि माना, दोन्ही आभासी डिजिटल मालमत्ता. नफ्यावर सरसकट ३० टक्के, वर उपकर. खरेदीची किंमत सोडून कुठलीच वजावट नाही. तोटा दुसऱ्या कशातूनही वळता होत नाही, पुढच्या वर्षी ओढताही येत नाही. लोकांच्या लक्षात न येणारी गोष्ट अशी, की माना देऊन पार्सल घेणं हेही मानाचं हस्तांतरणच. मधल्या काळात माना वाढला असेल, तर तिथेच कर लागतो. वर १ टक्का टीडीएसचा हिशेब. माना घ्यायचाच तर एफआययूकडे (केंद्र सरकारच्या वित्तीय गुप्तवार्ता विभागाकडे) नोंदणी असलेल्या एक्स्चेंजवरूनच.

ओंजळ:
म्हणजे खरेदी बाद. भाड्याने किंवा वर्ल्ड्समध्ये केलं, तर वॉलेट कुणाच्या नावावर ठेवायचं? खजिनदार दर तीन वर्षांनी बदलतो.

तिठा:
एका माणसाच्या फोनमधल्या वॉलेटवर ठेवू नका. सीड फ्रेजचे (वॉलेटच्या मूळ किल्लीचे) १२ शब्द ज्याने एकदा लिहून घेतले, त्याचा ताबा पद गेल्यावरही राहतो. पासवर्ड बदलून तो जात नाही. वर्ल्ड्ससाठी नोंदवलेलं नाव मल्टिसिग, म्हणजे एकाहून जास्त सह्यांच्या, वॉलेटमध्ये ठेवा, तिघांपैकी दोघांच्या सह्या लागतील असं. सीन चढवण्याची परवानगी तेवढी वेगळ्या साध्या वॉलेटला द्या. पदाधिकारी बदलला की मल्टिसिगमधला त्याचा पत्ता काढून नव्याचा घालायचा आणि तो ठराव सभेच्या वहीत चढवायचा.

खटपट्या:
आणि त्याच वेळी यूट्यूबवरही सोडा. लॅपटॉप अडखळला की मंडळी तिकडेच जाणार आहेत.