पगार पाडतो कोण: बाहेरून आलेला कामगार, की त्याला बांधून ठेवणारा कायदा?

सांजवात (धागाकर्ती)
"बाहेरचे लोक कमी पैशांत राबतात, म्हणून इथल्यांचे पगार पडतात" हे वाक्य इतक्या वेळा कानावर येतं की ते तपासून बघावंसं कुणाला वाटतच नाही. मला ते पटत नाही. कमी पैशांत हौसेने कुणी राबत नाही. ज्याचा व्हिसा एकाच मालकाशी बांधलेला असतो, त्याची नोकरी सुटली की बहुतेक वेळा देशही सुटतो. कतारमध्ये २०२० पर्यंत आधीच्या मालकाच्या ना-हरकत पत्राशिवाय नोकरी बदलता येत नव्हती. असा माणूस पगारवाढ मागणार कोणत्या तोंडाने? आणि तो गप्प बसला की शेजारी काम करणाऱ्या स्थानिकालाही मालक त्याचाच पगार दाखवतो. पगार पाडतो तो हा फास.

दशमान
असहमत. मग मागणी-पुरवठा गेला कुठे? १९८० साली क्यूबाच्या मारिएल बंदरातून काही महिन्यांत सुमारे सव्वा लाख माणसं बोटींनी अमेरिकेत आली. मायामीतलं मनुष्यबळ एकदम ७ टक्क्यांनी वाढलं. त्यांच्या गळ्यात कुठल्याही मालकाचा फास नव्हता. तरीही शालेय शिक्षण अर्धवट सुटलेल्या पुरुषांचे पगार १० ते ३० टक्के घसरले, असं अर्थतज्ज्ञ जॉर्ज बोर्हास यांनी २०१७ मध्ये मांडलं. झळ बसते ती तळाच्या माणसाला. पदवीवाल्यांनी "काही फरक पडत नाही" म्हणावं, याचा मला राग येतो.

सांजवात
राग समजू शकते, पण त्याच मायामीवर डेव्हिड कार्ड या अर्थतज्ज्ञांनी १९९० मध्ये लिहिलं होतं की कमी कौशल्याच्या कामगारांच्या पगारावर जवळपास परिणाम झालाच नाही. बोर्हास यांनी निवडलेला गट फार लहान होता. शिवाय ज्या पाहणीचे आकडे त्यांनी वापरले, तिच्या नमुन्यात नेमक्या त्याच सुमारास कृष्णवर्णीय पुरुषांचं प्रमाण वाढलं. त्यांना आधीपासूनच कमी पगार मिळत होता. म्हणजे एकाचाही पगार न कापता सरासरी खाली येऊ शकते! त्यांना मुळात कमी का मिळत होतं, हा प्रश्न मात्र बाजूलाच राहतो.

रातपाळी
त्या प्रश्नावर माझा अनुभव सांगतो. परदेशात मी पहिले अकरा महिने गोदामात काढले. रात्रभर खोक्यांवरचे बारकोड स्कॅन करायचे आणि सकाळी बसमध्ये बसून इंजिनीअरच्या नोकरीचे अर्ज भरायचे. उत्तर ठरलेलं: "स्थानिक अनुभव नाही." शेवटी बायोडेटावर आडनाव तेच ठेवून पहिलं नाव तिकडच्या वळणाचं केलं. बाकी एक अक्षर बदललं नाही. दोन आठवड्यांत तीन फोन. नोकरी मिळाली, पण त्या नावाने कुणी हाक मारली की आजही पोटात कालवतं.

दशमान
वाईट वाटलं. पण एका अनुभवावरून नियम कसा काढायचा? भाषा, उच्चार, पदवी कुठली, हेही मालक बघतोच.

रातपाळी
पदवी तीच होती हो. फोन यायच्या आधी माझा उच्चार कुणी ऐकला? शिकागो आणि बॉस्टनमध्ये यावर प्रयोग झालाय, २००४ मध्ये प्रसिद्ध झाला. जवळपास ५,००० बनावट बायोडेटा पाठवले, नावं सोडतीने वाटली. गोऱ्या वळणाच्या नावाला दहा अर्जांमागे एक फोन, कृष्णवर्णीय वळणाच्या नावाला पंधरांमागे एक.

मुक्काम पोस्ट
"बाहेरचे घालवा, पगार वाढतील" हेही अमेरिकेने करून बघितलंय. मेक्सिकन शेतमजुरांना आणणारी ब्रासेरो योजना १९६४ अखेर बंद केली. मजुरी वाढावी हाच हेतू होता. पुढे झालेल्या अभ्यासात तसं काही दिसलं नाही. कॅलिफोर्नियात टोमॅटो तोडायला यंत्र आलं, यंत्राचा मार सोसणारा जाड सालीचा टोमॅटोही तयार झाला. मालकाने मजूर बदलला नाही, पीकच बदललं.

दशमान
टोमॅटोचं उदाहरण मान्य. नावावरून होणारा भेदभावही मान्य, तो अन्यायच आहे. पण सांजवात, तुमच्या मूळ मुद्द्यावर मी अजून अडलोय. व्हिसा मालकापासून सोडवला, तरी पहिल्या दोन-तीन वर्षांत नवा माणूस मिळेल ते काम धरणारच. घरी पैसे पाठवायचे असतात. त्या काळात त्याच कामावरच्या जुन्या मजुराने काय करायचं?

सांजवात
दोघांनी एकाच युनियनमध्ये जायचं. आज नव्याला तिथे पाऊल टाकायची भीती वाटते, कारण मालकाच्या एका पत्रावर त्याला घरी पाठवता येतं. म्हणून तर मी व्हिसापासून सुरुवात केली.