मदत हवी आहे: बर्विकजवळचा किल्ला, गाडी नाही, कसं जायचं?

एडिनबरोकर: मंडळी, बर्विकजवळचा तो पडका किल्ला आईबाबांना दाखवायचाय, ट्रेनने जाऊन एका दिवसात परत येता येईल का? मॅप एकदा बस दाखवतो, एकदा चालत जा म्हणतो. तिकीटं आज रात्रीच काढायचीयत, प्लीज लवकर सांगा.

भटकी: कुठलं बर्विक? नॉर्थ बर्विक असेल तर टँटलनचा किल्ला, तो समुद्रकाठी, तुमच्यापासून जवळ. बर्विक-अपॉन-ट्वीड वेगळं, ते इंग्लंडात. किल्ल्याचं नाव लिहा आधी.

एडिनबरोकर: नॉरम हो. ट्वीड नदीवरचा, सरहद्दीवरचा.

गडप्रेमी: नॉरमला नक्की जा! ११२१ मध्ये इंग्लंडातल्या डरमच्या बिशपने बांधायला घेतला, हा मुलूखच त्याचा, आणि नदीपलीकडे स्कॉटलंड. त्यामुळे सगळा मार याच किल्ल्याने खाल्ला. आईबाबांना आधी एडिनबरो किल्ल्यावरची मॉन्स मेग तोफ दाखवा, स्कॉटलंडचा राजा चौथ्या जेम्सने १४९७ मध्ये तीच नॉरमवर आणली होती. १५१३ च्या ऑगस्टमध्ये परत तोफा लावून त्याने किल्ला घेतला, आणि ९ सप्टेंबरला जवळच फ्लॉडनच्या लढाईत तो राजाच मारला गेला.

ट्वीडकाठी: इतिहास छान आहे पण त्यांना जायचं कसं ते हवंय. एडिनबरोहून बर्विकला ट्रेन साधारण पाऊण तास. बर्विकहून नॉरम दहा-अकरा किलोमीटर, केल्सोच्या बाजूला जाणारी बस नॉरम गावातून जाते पण फेऱ्या मोजक्या. कुठल्या वारी जाताय? आईबाबांना चढउतार जमतो का?

एडिनबरोकर: रविवारी, शनिवारी मला काम असतं. आईच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालंय, पण चालते ती. बसचं सांगा ना.

ट्वीडकाठी: अहो, हे दोन्ही सुरुवातीलाच हवं होतं. रविवारी बस मिळेलच असं धरून तिकीट काढू नका, आधी टाइमटेबल बघा. बर्विकहून टॅक्सी करा. किल्ल्याला तिकीट नाही, पण खाली गवत, उंचसखल जमीन, पाऊस झाला की निसरडं. आईंना काठी आणि चांगले बूट लागतीलच.

भटकी: मी तर म्हणेन नॉरम सोडा, बर्विकमध्येच फिरा. स्टेशनच जुन्या किल्ल्यावर बांधलंय, १२९२ मध्ये इंग्लंडचा राजा पहिल्या एडवर्डने स्कॉटलंडची गादी जॉन बॅलिअल या सरदाराला दिली ती त्या किल्ल्याच्या दिवाणखान्यात, आणि आज त्या जागी प्लॅटफॉर्म आहे! गावाच्या तटावरून आईंना सावकाश फिरवता येईल.

गडप्रेमी: तो तट एलिझाबेथच्या काळातला, १५५८ नंतरचा. त्यांना मध्ययुगातला किल्ला बघायचाय, आणि बर्विकच्या किल्ल्याचं उरलंय किती? रेल्वेसाठी पाडला. नॉरमचा बुरूज लांबून बघितला तरी हा कशासाठी बांधला ते कळतं.

भटकी: गुडघा तुमचा नाहीये.

सह्याद्रीमित्र: एवढ्या लांब कशाला, आईबाबा परत आले की नळदुर्ग दाखवा. बोरी नदीवरच्या बंधाऱ्यातला पाणीमहाल, पावसाळ्यात नर-मादी धबधबे, असं काम तिकडे सापडणार नाही.

एडिनबरोकर: दादा, नळदुर्ग बाबांनी बघितलाय, त्यांनीच नॉरम म्हटलंय. टर्नर या इंग्रज चित्रकाराचं नॉरमचं चित्र बघून म्हणतायत.

गडप्रेमी: मग नॉरमच! पण जवळून बघून लगेच निघू नका. टॅक्सीवाल्याला गावाजवळच्या पुलावरून पलीकडे लेडीकर्कला न्यायला सांगा, मधे देश बदलतो, आणि चौथ्या जेम्सने बांधलेलं दगडी चर्च तिथेच आहे. आईंना चालावंही लागणार नाही.

एडिनबरोकर: हे आवडलं. टॅक्सीच करतो. स्टेशनबाहेर मिळते का आधी फोन करायचा?

ट्वीडकाठी: आधी बुक करा, परतीचीसुद्धा, आणि थांबायचे पैसे आत्ताच विचारून घ्या. ट्रेनचं परतीचं तिकीट वेळेला बांधलेलं काढू नका. आणि बर्विकमध्येच खाऊन घ्या किंवा डबा न्या, किल्ल्यावर काही मिळत नाही.