छातीत दुखतंय, झोप उडालीय : थेट हार्टवाल्याकडे, की आधी आपले फॅमिली डॉक्टर?

लालबागची_सून
धागा काढायला कारण घरातलंच भांडण. नवरा ४६ वर्षांचा. तीन आठवडे झोपेचं खोबरं झालंय. रात्री दोनला उठून गॅलरीत जाऊन बसतो. विचारलं तर म्हणतो, छातीत जरा होतंय. टोचतं बहुतेक. सासूबाईंचं ओवा-सैंधव चालू आहे. दीर म्हणतो, उद्याच्या उद्या कार्डिओलॉजिस्ट गाठा. आमच्या डॉक्टरांनी (सासऱ्यांच्या वेळेपासूनचे आहेत) ईसीजी काढला, नॉर्मल आला. म्हणाले, ॲसिडिटी आणि टेन्शन.
माझं मत स्पष्ट आहे. आपल्याला ओळखणारा डॉक्टर असताना उठसूट स्पेशालिस्टकडे धावायची गरज नाही. आणि झोपेचा हार्टशी संबंध काय? गिरणगावात झोप कुणाला लागते? आता बोला.

विरार_साडेसहा
शंभर टक्के सहमत. दोन वर्षांपूर्वी मला डावीकडे कळ यायला लागली. घाबरून थेट उपनगरातल्या एका मोठ्या हॉस्पिटलात गेलो. ईसीजी, टूडी इको (हृदयाची सोनोग्राफी), ट्रेडमिलवर चालवून ईसीजी, सगळं झालं. सगळं ठीक, तरी वर "एकदा अँजिओग्राफी करूनच टाका". घरी येऊन आमच्या डॉक्टरांना दाखवलं. त्यांनी छातीच्या हाडाशेजारी एका जागी बोट दाबलं आणि मी ओरडलो. बरगडीच्या कुर्चेला सूज! दाराला लोंबकळून प्रवास, दुसरं काय. पाच दिवसांच्या गोळ्यांत काम झालं.
तेव्हा ते म्हणाले होते : दुखणं एका बोटाने दाखवता आलं, दाबल्यावर किंवा श्वास घेतल्यावर वाढलं, तर बहुतेक वेळा ते हार्टचं नसतं. माणूस अख्खा तळहात किंवा मूठ छातीवर ठेवून दाखवायला लागला, की सावध व्हायचं.

परळ_नाका
"बहुतेक वेळा" या दोन शब्दांत आमचे बाबा गेले.
संध्याकाळी छाती भरल्यासारखी वाटली. ईनो घेतलं, ढेकर आला, बरं वाटलं. शेजारच्या दवाखान्यात ईसीजी नॉर्मल. पहाटे संपलं. ईसीजी म्हणजे दहा सेकंदांचा फोटो हो! नुकतंच दुखायला लागलेलं असेल तर काही तासांच्या अंतराने पुन्हा काढावा लागतो, ट्रोपोनिनची (हृदयाच्या स्नायूला इजा झाली की रक्तात वाढतं ते) रक्ततपासणीही तशीच दोनदा. बाबांना डायबेटिस होता. अशांना आणि बायकांनाही कधीकधी छातीत फारसं दुखतच नाही, नुसता घाम, मळमळ, दम. "गॅस झालाय" या वाक्याने जेवढी माणसं घरात बसवून ठेवलीत, तेवढी कशानेच नसतील.

लालबागची_सून
वाचून वाईट वाटलं. पण मग दर ढेकरेला स्पेशालिस्ट का? पैसे झाडाला लागत नाहीत.

कुर्ल्याचा_चष्मा
झोपेचा संबंध काय म्हणालात म्हणून : अमेरिकन हार्ट असोसिएशनने २०२२ साली हृदयाच्या तब्येतीच्या आठ गोष्टींत झोप घातली. आधी सातच होत्या. बाकी तुमचं चालू द्या.

रात्रपाळी_सिस्टर
मी पालिकेच्या रुग्णालयात कॅज्युअल्टीला असते. रात्रीचा चहा पिता पिता लिहितेय, चुकलं तर सांभाळून घ्या.
तुम्ही दोघं भलत्याच मुद्द्यावर भांडताय. दाबल्यासारखं दुखतंय, दहा-पंधरा मिनिटांत थांबत नाही, हात-जबडा-पाठीकडे जातंय, गार घाम फुटलाय, असं असेल तर ना फॅमिली डॉक्टर, ना अपॉइंटमेंट. १०८ लावा, कॅज्युअल्टीत या. ॲलर्जी किंवा रक्तस्रावाचा त्रास नसेल तर ३०० मिलिग्रॅम ॲस्पिरिन चावून खायला सांगतात. स्वतः स्कूटर चालवत येऊ नका, येतात हो लोक!
कार्डिओलॉजिस्टची वेळ घ्यायची ती दुसऱ्या प्रकाराला. दादरचा पूल चढताना छाती आवळते, मध्ये कठड्याला टेकून उभं राहिलं की सुटते, पुन्हा चढलं की पुन्हा. तेव्हा बसल्या जागी काढलेला ईसीजी नॉर्मल आला तरी त्यावर विसंबायचं नाही.
आणि लालबागच्या ताई, तुम्ही नवऱ्याला एक विचारा. त्यांना झोप लागत नाही, की आडवं पडवत नाही? या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

विरार_साडेसहा
घोरणं असेल सिस्टर. माझ्या भावाचा झोपेत श्वास अडकायचा, दचकून उठायचा. आता मशीन लावून झोपतो.

रात्रपाळी_सिस्टर
असू शकतं. पण त्यानेही बीपी चढतं, ठोके बिघडतात. तेही दाखवायचंच. विचारा आधी.

लालबागची_सून
विचारलं. झोप लागते म्हणे. दीड-दोन तासांनी गुदमरून जाग येते. उठून बसलं, गॅलरीत वारा घेतला, की पंधरा-वीस मिनिटांत बरं वाटतं. आत्ता लक्षात आलं, महिन्याभरात दोनाच्या तीन उश्या झाल्यात. मला वाटलं मान दुखत असेल. चपलाही घट्ट होतात म्हणतो.

रात्रपाळी_सिस्टर
पुढच्या आठवड्यावर नका ढकलू. सकाळीच हार्टवाल्यांकडे जा, इको होईल. हृदय कमी पंप करत असेल तर आडवं झाल्यावर पाणी फुप्फुसात साठतं, म्हणून उश्या वाढतात. पायांवरही सूज येते, चपला घट्ट होतात त्या त्यानेच. रात्रीत दम लागला किंवा छाती दुखली तर सकाळची वाट न बघता कॅज्युअल्टी.

परळ_नाका
मी तर म्हणतो आत्ताच निघा.

विरार_साडेसहा
जा, ताई, जा. पण माझं म्हणणं कायम आहे. हे ओळखायला स्पेशालिस्ट लागला नाही, नीट विचारणारं माणूस लागलं.

परळ_नाका
आणि तुमच्या त्या घरच्या डॉक्टरांनी ते विचारलं नव्हतं!

लालबागची_सून
त्यांना दोष नाही. याने त्यांना गॅलरीचं सांगितलंच नव्हतं, नुसतं "पित्त होतंय" म्हणाला होता. आणि टोचतं हा शब्द माझा, त्याचा नव्हे. विरारचे भाऊ, तुमचं वाचून मघाशी त्याला म्हटलं, कुठे दुखतं ते बोटाने दाखव. त्याने अख्खा तळहात ठेवला.
दीर गाडी काढतोय. सकाळपर्यंत थांबत नाही आम्ही.