मदत हवी आहे: वर्कबेंचचा टॉप पाण्याने फुगतोय

नमस्कार भाऊ मंडळी, मी रावेरला सबमर्सिबल मोटारी रिपेअर करतो, केळीवाल्यांचंच काम जास्त. मोटर खोलली की आतलं पाणी टेबलावरच सांडतं, किती पुसा. टॉप 18 एमएम एमडीएफचा (लाकडाचा भुसा दाबून केलेला बोर्ड), वरून मायका आहे पण कडा उघड्या राहिल्या, तिथून पाणी पिऊन पिऊन कोपरा पावासारखा फुगलाय, बोटानं दाबला की भुसा निघतो अन् टेबलाला बोल्टनं बसवलेली व्हाईस (काम पकडायचा शिकंजा) पण हलायला लागली.

आता 710 ग्रेडचा मरीन प्लाय (पाण्याला टिकणारा) टाकतोय, पण त्याच्या कडा अन् बोल्टची भोकं कशानं बंद करू, इपॉक्सी की पीयूचे (पॉलीयुरेथेन कोटिंग) दोन-तीन हात? वरून जीआय पत्रा ठोकला तर खाली पाणी अडकून प्लाय कुजेल असं मिस्त्री म्हणतो, मलाही पटतंय. कोणी स्वतः केलं असेल तर प्लीज सांगा, पावसाळ्याआधी उरकायचंय.